एका माईकवरची तिघं

अक्का गडदेचा आवाज गेला. बसला नाही, गेला. कायमचा. हे मला अजून पटत नाही बघा. रस्त्यानं एखादा ट्रॅक्टर तिचं गाणं वाजवत जातो आणि माझा पाय शिलाई मशीनवर जागच्या जागी थांबतो. तोच आवाज, ठणठणीत, आणि ज्या बाईचा तो आवाज ती गावाबाहेरच्या माळावर मेंढरांमागं मुक्यानं फिरतेय. असं कुणाचं होतं का? मी दिवा लावताना देवाला रोज हेच विचारते. देव तरी काय बोलणार? तोंड दाखवायला जागा ठेवलीय का त्यानं?

मी कडा गावात बायकांचे कपडे शिवते. गडदे भावंडांचे स्टेजवरचे कपडे पहिल्यापासून माझ्याच हातचे. भावंडं तीन. थोरली अक्का, मधला भिवा आणि धाकटी राणी. अक्काचं खरं नाव कौशल्या, पण ते फक्त रेशनकार्डावर. सगळा कडा तिला अक्काच म्हणायचा, तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. लग्न होऊन नांदायला गेली आणि वर्षाच्या आत परत आली. का आली ते कुणी विचारलं तर ती अशी बघायची की विचारणारा पाणी मागायचा. आईबाप मेंढरं राखणारे. ते एकापाठोपाठ गेले आणि दोन्ही लेकरांना अक्कानं वाढवलं. मेंढरंही तिनंच वाढवली. दोन्हींवर ती सारखीच ओरडायची.

पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिच्या खांद्यावर पोपटी साटीनचा अख्खा तागा होता.

"शोभे, ह्याच्यात तिघांचं बसव. तिघांचं एकाच ताग्यातून पायजे."

मी म्हटलं, "अगं बया, भिवाला पोपटी साटीन? नवरदेवाच्या घोड्यासारखा दिसंल तो."

"दिसू दे. मेंढरावर आमी सगळ्याला एकच रंग लावतो का न्हाई? कशापायी लावतो? दुसऱ्याच्या खांडात गेलं तरी वळखू यावं म्हनून." आणि मागं उभ्या भिवाकडं वळून म्हणाली, "घालशील का न्हाई बे?"

भिवा हसला. तो कशालाही हसायचा. पुढं त्यानं पोपटी घातलं, गुलाबी घातलं, चमकीचं निळं घातलं. पोरं चिडवायची तर उलट त्यांनाच टिकल्या वाटायचा.

माप देताना अक्काची एक अट असायची. गळा मोठा ठेवायचा. गळ्याला काही लागलेलं तिला खपायचं नाही. माळ नाही, दोरा नाही, कॉलर तर नाहीच. काळा दोरासुद्धा मनगटाला. "गळा मोकळा पायजे, शोभे. मेंढराच्या गळ्यातली घंटी कोंबली तर वाजंल का ती?" आणि हे सांगता सांगता कमरेची डबी काढून बोटभर मिश्री दातांना लावायची. तंबाखूची काळी मिश्री. सकाळी लावायची, दुपारी लावायची, स्टेजवर चढायच्या आधी तर हमखास. तिच्या आईनं सांगितलं होतं म्हणे, मिश्रीनं आवाज मोकळा होतो. आईनं सांगितलेलं अक्काच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

गाण्याची तिची पद्धत सगळ्या जगाहून वेगळी. तिघांना एकच माईक. साउंडवाले तीन तीन माईक लावून द्यायचे, ही बाई दोन काढून बाजूला ठेवायची. मधे अक्का, डावीकडं भिवा, उजवीकडं राणी, तीन डोकी एका माईकला चिकटलेली. गाणं सुरू व्हायच्या आधी अक्का दोन्ही हातांनी दोघांची कोपरं धरायची. धरली की तिघं मिळून श्वास घ्यायची. तो श्वास माईकमधून सगळ्या मांडवाला ऐकू जायचा, 'हाऽऽ' असा. आणि मगच गाणं. एकाचा जरी श्वास मागं राहिला तरी ती कोपर सोडायची नाही आणि गाणं सुरू करू द्यायची नाही. मेंढरं नदी उतरताना म्हणे तसंच असतं. सगळं खांड, म्हणजे अख्खा कळप, काठावर गोळा झाल्याशिवाय पहिलं पाण्यात घालायचं नाही.

नगरला त्यांचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा मीही सोबत गेलेले. व्हिडिओही काढायचा होता आणि राणीचे हुक कायम ऐन वेळी तुटायचे. स्टुडिओतला पोरगा शिकलेला, नम्र. म्हणाला, "आक्का, एकेकानं आत जाऊन गा. वेगवेगळं घेतलं की नंतर कुणाचं चुकलं तर तेवढंच दुरुस्त करता येतं."

"न्हाई चुकत आमचं."

"तरी पण..."

"लेकरा, वेगवेगळं गायचं आसतं तर तीन गाड्या करून आलो आसतो. एकच माईक लाव."

लावला बिचाऱ्यानं. तिघं गायली. 'चुकलं कोकरू माळाला, हाक मार रं वाऱ्याला.' शब्द अक्काचेच. सुरुवातीला तो श्वास, मग भिवाची मेंढरांना घालायची हाक, "हुर्रऽऽ याऽऽ," आणि त्या हाकेच्या शेपटाला धरून दोघी बहिणी. पोरानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "छान झालंय. सुरुवातीचा तेवढा श्वासाचा आवाज मी कापून टाकतो."

अक्का ताडकन उठली. "कापू नगं. गानं तितनं सुरू व्हतंय."

"लोक हसतील, आक्का."

"हसू दी. तिघांनी संगं घेतलाय त्यो."

लोक हसलेच. हसले आणि वेडे झाले. गाणं मोबाइलवर असं पसरलं की विचारू नका. हळदीला तेच, वरातीला तेच, कारखान्यावर उसाच्या गाड्यांवर तेच. शाळेतली पोरं रस्त्यात एकमेकांची कोपरं धरून 'हाऽऽ' करायची. गडदे भावंडांना माणसं 'दमवाले' म्हणायला लागली. अक्काला त्या नावाचा केवढा अभिमान! आणि गंमत सांगते. नवा मोठा स्पीकर घरी आणून त्यांनी पहिल्यांदा गाणं लावलं, तर मागच्या बाजूला जाळीच्या कुंपणात, ज्याला ते वाघर म्हणतात, त्यात बसलेली मेंढरं भिवाची हाक ऐकून उठली आणि वाघर पाडून थेट अंगणात. राणीच्या वाळत घातलेल्या परकरांवरून सगळं खांड गेलं. भिवा जमिनीवर लोळून हसत होता आणि अक्का काठी घेऊन त्याच्याच मागं धावत होती.

चार-पाच वर्षं नुसती धामधूम. सुपाऱ्यांवर सुपाऱ्या. आष्टीला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला स्टेजवर एकानं येऊन सांगितलं, साहेब म्हणतात पुढचं गाणं एकट्या राणीनं म्हणावं, दोघांनी जरा मागं बसावं. अक्कानं काय करावं? दोघांची कोपरं धरली, माईकसमोर तो श्वास घेतला. लोकांना वाटलं आता हाक येणार. हिनं दोघांना तसंच कोपराला धरून स्टेजवरून खाली उतरवलं आणि गाडीत बसवलं. सगळा मांडव अवाक. मी मागं सुईदोरा घेऊन उभी, मला तर पळता भुई थोडी झाली. गाडीत म्हटलं, "अक्का, अगं मोठी माणसं ती, पुढं आपल्याला नडतील." तर म्हणते कशी, "आज हिला एकटीला उबी केली, उद्या ही एकटीच ऱ्हाईल. कळप फुटला की लांडगा हुडकावा लागत न्हाई."

पण राणीच्या डोक्यात ते 'एकटीनं' राहिलंच. पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं. एकटीलाच. त्या दिवशीचं भांडण माझ्याच दुकानात झालं.

"अक्का, मी काय कायमची चाललेय का? चार गाणी करीन, येईन."

"मंग भिवाला घिऊन जा."

"त्यांना भिवा नको हाय गं!"

भिवा तिथंच स्टुलावर बसलेला. तेव्हाही हसला. "जाऊ दे अक्का तिला. आपलं काय, आपण दोघं हाव की." राणी गेली. पुढच्या महिन्यात अक्का नवा तागा घेऊन आली आणि म्हणाली, "तिघांचं काप." मी कापलं. राणीचा पोशाख शिवून दुकानातच टांगून ठेवला, जांभळा, चांदीच्या काठाचा. गिऱ्हाईक विचारायचं, विकायचा का? मी नाही म्हणायचे.

आता पुढचं सांगायलाच हवं. युसूफ वडगावला हळद होती. दुपारची वेळ. आदल्या दिवशी पावसाचा शिडकावा झालेला, मांडवातली सतरंजी ओलसर, खालून वायरी गेलेल्या. कुठली वायर उघडी होती ते पुढंही कुणाला धड सांगता आलं नाही. मी स्टेजच्या मागं अक्काच्या पदराला टाका घालत होते. भिवा पुढं झाला. अक्का दात खंगाळून, पदर सावरत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यानं माईकचा दांडा हातात धरला. तिनं त्याचं कोपर धरलं. दोघांनी श्वास घेतला.

श्वास ऐकू आला. हाक आलीच नाही.

मांडवातली माणसं हसली. खरं सांगते, हसली. त्यांना वाटलं दमवाले नवीन गंमत करतायत. भिवा नुसता ताठ उभा, तोंड उघडं, आणि अक्का फेकल्यासारखी मागं येऊन माझ्या अंगावर पडली. कुणीतरी ओरडलं, "करंट! करंट उतरलाय!" मग बटण बंद. मग भिवा खाली. गुलाबी सदरा घातलेला होता, मी शिवलेला, त्याची बटणं मीच दातांनी तोडली आणि त्याची छाती दाबायला लागले. अक्का त्याच्या कोपराला धरून म्हणत होती, "घे बे. दम घे. घे की रं." शंभर माणसं भोवती आणि ती एवढंच म्हणत होती. त्यानं घेतला नाही.

दवाखान्यात नेलं, पण ते नुसतं न्यायचं म्हणून. माझा मेंदू कितीतरी दिवस तिथंच अडकून राहिला होता. जो माणूस हसल्याशिवाय पाणी पीत नव्हता तो हळदीच्या मांडवात, बँजो तयार असताना, श्वास घेऊन उभा राहतो आणि मरतो? कशात बसवायचं हे? मी आजही ओल्या हातानं मशीनच्या बटणाला हात लावत नाही.

राणी मातीला आली. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या आणि मधे एक जागा रिकामी सोडली. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप सुटली. दहाव्यानंतर राणीनं दबकत मोबाइल पुढं केला. कंपनीनं त्यांचं जुनं गाणं नव्यानं केलं होतं. आता म्हणे मशीनवर एकत्र गायलेलं वेगळं करता येतं. भिवाची हाक काढून तिथं कुणा नावाजलेल्या गायकाची घातलेली. भिवाला श्रद्धांजली म्हणून. अक्कानं मोबाइल कानाला लावला. ऐकलं आणि परत दिला.

"दम कुठाय?"

राणीला कळलंच नाही. मला कळलं. सुरुवातीचा श्वास कापला होता.

"राने, तुमी भिवाला काडला, ते काडला. पर आपला दम पन काडला?" एवढं बोलून ती उठली आणि मेंढरांकडं गेली. राणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. नंतर तिनं कंपनीशी भांडून ते गाणं बाहेर येऊच दिलं नाही. तेवढं केलं पोरीनं, तिच्या वाट्याचं श्रेय तिला द्यायला हवं.

त्यानंतर अक्का गायली नाही. आवाज घोगरा झाला होता. लोक म्हणायचे रडून बसलाय. मीही तेच म्हणायचे. रडताना तिला कुणी पाहिलं नव्हतं, पण भाऊ गेल्यावर आवाज बसणारच, त्यात विचारायचं काय? मिश्री मात्र वाढली. आवाज सुटावा म्हणून दिवसभर बोट डबीतच. बाई गं, कुणाला तरी कळायला हवं होतं!

आणि एक दिवस ती दुकानात आली, एक पोलकं माझ्यापुढं टाकलं आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "शोभे, ह्याचा गळा वर घे. कॉलर लाव."

मी हसले. "आता? इतकी वर्षं मला कॉलरचं नाव काढू दिलं नाहीस, आणि आता फॅशन सुचली होय?"

ती हसली नाही. पदर बाजूला केला. जबड्याखाली, मानेच्या बाजूला, लिंबाएवढी गाठ. माझ्या हातातली कात्री खाली पडली. मी कितीतरी वेळा हिचं माप घेतलं असेल, पण भिवा गेल्यापासून ती नवीन कापड घेऊन आलीच नव्हती.

"कदी झाली गं ही?"

"झाली."

"दुखती का?"

"न्हाई. दिसती. कॉलर लाव."

मी कॉलर लावली नाही. दुकानाचं शटर ओढलं आणि राणीला फोन केला. राणी त्याच दिवशी निघाली. मग नगर, मग पुणं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, कॅन्सर आहे, जीव ठेवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल, श्वासाला खाली गळ्यात भोक ठेवावं लागेल. अक्कानं फक्त विचारलं, "मंग मेंढरं कशी वळवायची?" डॉक्टरांना वाटलं बाईला समजलं नाही. समजलं होतं, सगळं समजलं होतं.

ऑपरेशनच्या आधी राणी तिच्या पाया पडली. "अक्का, एकदा गाऊया. दोघी. मी मोबाइलवर भरून ठेवते. शेवटचं."

अक्कानं मान हलवली. "दोघीनं न्हाई. तिघांचं भरल्यालं हाय की. कुनी कापू नगा म्हंजे झालं."

मला तेव्हा तिचा राग आला. एवढी गाणारी बाई, उद्या मुकी होणार, आणि एक ओळ म्हणत नाही? मी दवाखान्याच्या पायरीवर बसून तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि रडले.

परवा तिला भेटायला गेले ते तिचे कपडे द्यायला. ऑपरेशनला वर्ष होत आलंय. कॉलर लावलीच शेवटी, पण मऊ मलमलची आणि पुढं जाळीची, म्हणजे भोकावर धूळ जाऊ नये आणि श्वासही कोंडू नये. राणीनं आता पुण्याचं काम कमी केलंय, दर पंधरवड्याला येते. ती नव्हती त्या दिवशी. अक्का माळावर होती. वाळली आहे, पण ताठ. मला बघून काठी वर केली. तिच्या काठीच्या टोकाला दोरीनं एक लहान स्पीकर बांधलेला. मी म्हटलं, हे काय गं, म्हातारपणी रेडिओ? तिनं हातानं गप्प बस अशी खूण केली.

मेंढरं पार खालच्या ओढ्यापर्यंत पांगली होती. ऊन कलायला लागलं होतं, आता ती घराकडं वळवायची. कशी वळवणार होती? मला खरंच कळेना. ना हाक, ना शीळ. गळ्यातून नुसता वाऱ्यासारखा सूं सूं आवाज. मी पदर खोचला आणि मीच जाते म्हटलं धावत. तिनं मला थांबवलं, स्पीकरचं बटण दाबलं आणि झटकन माझं कोपर धरलं.

स्पीकरमधून तिघांचा श्वास आला. हाऽऽ. आणि अगदी त्याच वेळी माझ्या कानाशी, जाळीच्या कॉलरीआडून, अक्कानं श्वास घेतला. गळ्यातल्या भोकातून. त्या तिघांच्या बरोबर, तसूभर पुढंमागं नाही.

मग भिवा ओरडला. "हुर्रऽऽ याऽऽ!"

त्या उघड्या माळावर, त्या मेलेल्या पोराची ताजी हाक. खाली ओढ्यात मेंढरांनी माना वर केल्या. आधी जुन्या मेंढ्या निघाल्या, मग त्यांच्यामागं कोकरं, भिवाला कधी न बघितलेली. सगळं खांड वर यायला लागलं. पुढं गाण्यात दोघी बहिणी सुरू झाल्या. अक्काचाच आवाज, आणि शेजारी अक्का तोंड मिटून उभी.

मेंढरं येऊन आमच्याभोवती गोळा झाली. तिनं गाणं थांबवलं. मला वाटलं झालं. पण दोन मेंढ्या अजून ओढ्यातच रेंगाळल्या होत्या. तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला बोट नेलं, आणि थांबली. माझ्याकडं बघत राहिली. कोपर सोडलं नव्हतं. उलट दाबलं.

मी शिवणारी बाई. आयुष्यात अंगाईसुद्धा धड म्हटली नाही मी. मी म्हटलं, "अक्का, मला काय येतंय गं?" तिनं मान हलवली, पुन्हा कोपर दाबलं, आणि बटण काही दाबेना.

मग मी श्वास घेतला. तेव्हा तिनं बटण दाबलं.